एकवीस दिवसांचा तक्ता

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस. चार रस्ते ओलांडले की तुझं घर, फोन माझ्या उशाशी, तरी ही बाई कागद कशाला खरडतेय असं तुला वाटणार. फोनवर माझं तुझ्यापुढे काही चालत नाही, म्हणून. तू पलीकडून नुसतं बोल म्हणालास की माझा आवाज मऊ पडतो आणि मी हो हो करत सुटते. कागदावर तू ऐकू येत नाहीस, तेवढंच बरं. शिवाय पत्राला तुला मध्येच तोडता येत नाही. वहिनी गुरुवारी येईल तेव्हा तिच्या हाती देईन. तिला आतलं काही सांगितलेलं नाही, तेव्हा तिच्यावर डाफरू नकोस.

आडवी पडून लिहितेय. पोटावर उशी, उशीवर भाजी चिरायची फळी, फळीवर कागद. शेजारी स्वयंपाकघरातलं टायमर ठेवलंय. दहा मिनिटांनी ते वाजलं की पेन खाली, मग वाक्य अर्धं का असेना. दमायच्या आधी थांबायचं, दमल्यावर नाही, हा डॉक्टरीणबाईंचा नियम तुला माहीतच आहे. तेव्हा अक्षर मध्येच बदललेलं दिसलं तर समज की तिथे अर्धा दिवस गेला.

टेबलावर संमतीचे कागद तसेच आहेत. बावीस तारखेचं ऑपरेशन, म्हणजे आजपासून एकोणीस दिवस. जिथे जिथे मी सही करायची तिथे तू पिवळ्या चिठ्ठ्या लावून बाण काढलेत. सात बाण आहेत, पलंगावरून मोजले. पाच दिवस झाले, ते माझ्याकडे बघतायत आणि मी त्यांच्याकडे. मी त्या सात सह्या कराव्यात म्हणून तू दोन वर्षं जिवाचं रान केलंस, हे मला कळतं. आणि माझ्या हातून पेन उचललं जात नाहीये, हेही तुला कळायला हवं.

पाच वर्षं झाली त्या तापाला. आठ दिवसांचा ताप, जगाला येतो तसाच. ताप गेला, पण जाताना अंगातलं सगळं घेऊन गेला. वजनमापे खात्यात मी सोळा वर्षं प्रमाण वजनांची पेटी घेऊन दुकानोदुकानी फिरले, तीन तीन जिने चढले, कुणाला पेटीला हात लावू दिला नाही. त्या मला आता केस विंचरायचे तर मध्ये दोनदा टेकावं लागतं. आणि आज केस विंचरले तर उद्या त्याची शिक्षा, घसा सुजतो, प्रकाश टोचतो, बोललेलं डोक्यात शिरत नाही. सुरुवातीला लोकांनी काय काय सुचवलं आठवतंय ना. ऊन घे, मन रमव, पहाटे ऊठ. तुझ्या वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तर लग्न कर म्हणून सांगितलं. घटस्फोटाला तेव्हा बारा वर्षं होऊन गेली होती. त्या दिवशी मी शेवटचं पोट धरून हसले असेन.

तू मात्र कधी काही सुचवलं नाहीस, कामाला लागलास. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्यास, तुझं एकच तत्त्व, बिघाड आहे म्हणजे कुठला तरी भाग निकामी आहे. माझे रक्ताचे रिपोर्ट चांगले आले की लोक अभिनंदन करायचे आणि तुझा चेहरा पडायचा. भागच सापडत नव्हता. मग इंटरनेटवर कुठेतरी तुला माझ्यासारख्या आजाऱ्यांचा गट सापडला, तिथे मानेच्या ऑपरेशनची चर्चा वाचलीस, मला गाडीत आडवं घालून नेलंस, ताठ बसवून मानेचा स्कॅन करवलास. त्या सर्जननी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, कवटी मानेवर जशी बसायला हवी तशी बसलेली नाही, थोडी पुढे कललीय, मेंदूच्या मुळाशी दाब येत असू शकेल. कवटी आणि वरचे मणके पट्ट्या नि स्क्रूंनी एकमेकांना जखडले तर दाब जाईल. तू त्या पडद्याकडे असा बघत होतास, जसा एखादी लिफ्ट मजल्याच्या बोटभर खाली थांबते आणि तुला दोष दिसतो तेव्हा बघतोस. मी स्कॅन बघतच नव्हते, तुला बघत होते. तुझं ते तोंड मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिलं.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास नि मी आठची. बाबांचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं. तू ते खाली काढून वर्तमानपत्रावर पसरलंस, मला फक्त स्क्रू सांभाळायला बसवलंस. संध्याकाळपर्यंत सगळं परत आत गेलं, फक्त दोन स्क्रू उरले. आई म्हणाली आता हे काही चालत नाही, आणि तू लंबकाला बोट लावलंस तर ते टकटक चालू लागलं. पुढे ते घर सोडेपर्यंत दोन वर्षं चाललं, वेळेला चोख. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, दूधवाल्याला सांगायची. बाबांनी तुला त्याच दिवशी पान्ह्यांचा पहिला संच आणला. ते दोन स्क्रू काडेपेटीत घालून तू अजून हत्यारांच्या पेटीत ठेवलेत, मला माहीत आहे. वहिनीने दाखवले.

टायमर वाजलं होतं. आज दुसरा दिवस. बाहेर कुणीतरी भिंतीला ड्रिल लावलंय, म्हणून कानात कापूस घालून लिहितेय.

तर तू म्हणालास, तू तपासनीस आहेस, तूच तपास, तू हो म्हणालीस तरच करायचं. हे तू मनापासून म्हणालास आणि त्याच आठवड्यात तारीख घेऊन आलास, तो भाग सोडून देऊ. मी खरंच तपासलं. वहिनीने शाळेच्या ऑफिसातून मोठ्या अक्षरात छापून आणलेले कागद चार महिने वाचतेय, दिवसाला एक पान, कधी अर्धं. बरीच वाक्यं तीन तीनदा वाचावी लागली. डोकं पूर्वीचं नाही, पण सवय पूर्वीची आहे.

आमच्या खात्यात नव्या पोराला पहिला धडा काय देतात माहीत आहे का. दुकानदार जो काटा घासूनपुसून पुढे ठेवतो तो तपासायचा नाही. मागे, गोणीच्या आडोशाला जो रोज चालतो तो मागून घ्यायचा. गटावरच्या गोष्टी सगळ्या पुढे ठेवलेल्या काट्यासारख्या आहेत, दादा. ती माळीकाम करणारी बाई, सहा वर्षं अंथरुणात होती, ऑपरेशननंतर परत गुलाब छाटायला लागली. ती खोटी नाही. तिचं मी रडत रडत वाचलंय. पण वहिनीला मी एक काम दिलं होतं, तुला न सांगता. गटावर दोन वर्षं मागे जा आणि ज्यांनी ज्यांनी ऑपरेशनची तारीख मिळाली म्हणून लिहिलं त्यांची यादी कर, मग पुढे त्यांचं काय झालं ते शोध. तेवीस जण निघाले. नऊ जणांनी बरं वाटतंय म्हणून लिहिलं. चौघांनी लिहिलं की वाईट झालं, एकीला स्क्रू ढिले झाले म्हणून पुन्हा उघडावं लागलं, एकाला आता घास गिळताना त्रास होतो. आणि दहा जणांनी पुढे एक अक्षर लिहिलेलं नाही.

तू म्हणशील बरे झाले असतील, कामाधंद्याला लागले असतील, बरा झालेला माणूस आजाऱ्यांत कशाला घुटमळेल. असेलही. तसंच ते अंधाऱ्या खोलीत असतील आणि लिहायची ताकद नसेल. मला माहीत नाही, तुलाही नाही. नऊ जण बरे झाले म्हणताना त्या दहांना कुठल्या पारड्यात घालायचं ते मला कुणी सांगत नाही.

छापील अभ्यासही तसेच. थोडी थोडी माणसं, ज्याने ऑपरेशन केलं त्यानेच बरं वाटलं का म्हणून विचारलेलं, आणि ज्यांचं ऑपरेशन केलं नाही अशा तेवढ्याच आजाऱ्यांशी तुलना कुणी केलेली नाही. म्हणजे रिकामं पारडं बघितलेलंच नाही. काही न ठेवता काटा कुठे उभा राहतो ते आधी बघावं लागतं. माझा आजार आपणहून वरखाली होतोच. दुसऱ्या वर्षी एकदा महिनाभर मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत चालत जात होते, आठवतंय का. कशानेही नाही, आपलं आपण. त्याच्या आदल्या महिन्यात कुणी माझी मान जखडली असती तर आज आपण त्याचा फोटो भिंतीवर लावून बसलो असतो.

सर्जनना मी हेच विचारलं होतं, तू गाडी लावायला गेलास तेव्हा. बाहेरच्या तीन खुर्च्या जोडून त्यावर पडले होते, ते स्वतः येऊन शेजारी उकिडवे बसले. मी विचारलं, धडधाकट हिंडणाऱ्या माणसांपैकी किती जणांची मान अशी कललेली असते. ते म्हणाले, तसं पुरेशा निरोगी लोकांना मशीनमध्ये घालून कुणी मोजलेलं नाही. चिडले नाहीत. माणूस लबाड नाही, तेवढं मी ओळखते. त्यांच्याकडे एक चांगली हातोटी आहे आणि दारात आमच्यासारख्यांची रांग आहे. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या चष्मा काढून म्हणाल्या, मला माहीत नाही. पाच वर्षांत हे वाक्य मला त्या एकट्याच म्हणाल्या आणि मला त्या दिवशी गाढ झोप लागली.

मग ते गळपट्ट्याचे एकवीस दिवस. सर्जन म्हणाले होते, मान पट्ट्यात स्थिर ठेवून बघा, त्याने फरक पडला तर ऑपरेशननेही पडण्याची आशा आहे. हनुवटीपासून छातीपर्यंत तो कडक पट्टा, खोगीर घातलेलं घोडं जसं. तू वही आणलीस, खाकी कव्हर घातलंस, पट्टीने रेघा मारल्यास. तारीख, किती वेळ बसता आलं, डोकेदुखी, आणि शेवटी दहापैकी किती गुण. मला खाली वाकायला बंदी. स्वयंपाक वहिनीने, धुणं तू. त्या तीन आठवड्यांत मी आयुष्यात पहिल्यांदा राणीसारखी पडून होते, हेही लक्षात घे.

रोज सहाला तू कामावरून थेट यायचास. मनगटापर्यंत ग्रीस, पण हात धुवायच्या आधी कोपराने वही उघडायचास. पहिले तीन दिवस तीन गुण. तू नळ सोडून बराच वेळ हात घासत राहायचास. चौथ्या दिवशी चार लिहिलेले होते. तू वही तशीच ठेवलीस, आणि मोरीतून शीळ ऐकू आली. बाबा गेल्यापासून तुझी शीळ मी ऐकली नव्हती. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. नवव्या दिवशी पाच झाले, सोळाव्या दिवशी सहा, शेवटच्या दिवशी साडेसहा. ती वही तू सर्जनना दाखवलीस, त्यांनी मान डोलावली आणि बावीस तारीख दिली. आणि तू तो तक्ता सुवाच्य अक्षरात उतरवून गटावर टाकलास, आमच्या छटाकचे एकवीस दिवस म्हणून. लहानपणी मी अंगाने एवढीशी म्हणून तू ठेवलेलं नाव, आता परक्या देशांतली माणसंही मला छटाक म्हणून ओळखतात.

आज तिसरा दिवस. काल काहीच जमलं नाही, नुसतं छत बघितलं. म्हणजे खरं चौथा.

पोहणारीबद्दल लिहायचंय. तू तिला कधी पाहिलेलं नाहीस, मीही नाही, आणि तरी गेले सहा महिने ती आपल्या घरचीच झालीय. गटावरची एकोणीस वर्षांची पोर, कॉलेजकडून स्पर्धेत पोहायची, आता डोळ्यांवर पट्टी बांधून बंद खोलीत पडलेली. मला फोनचा पडदा बघवत नाही, तिलाही नाही. तिचं तिची आई लिहिते, माझं तू वाचतोस नि तूच लिहितोस. दोन आजारी बायका आणि दोन टपालवाले. तिने एकदा विचारलं होतं, ताई, तुला कशाची आठवण येते. मी सांगितलं, जिन्यांची. ती म्हणाली, तिला कानात पाणी गेल्याची येते, तेव्हा जगाचा आवाज कसा लांब जातो त्याची. त्या दिवशी मी तुला म्हटलं होतं, ही पोर बरी व्हायला हवी. माझ्या आधी.

तिला तारीख कशी मिळाली ते तूच गेल्या रविवारी वाचून दाखवलंस. तिची आई लिहिते, आम्ही फार घाबरलो होतो, सगळे कागद वाचून काही ठरेना, पण ताईंचा तक्ता मी लेकीला तीनदा वाचून दाखवला, रोजच्या रोज कसे वाढत गेले गुण, आणि ती म्हणाली, आई, आपण करू. बारा तारीख. माझ्या दहा दिवस आधी. तू म्हणालास, बघ छटाक, तुझ्यामुळे त्या पोरीला धीर आला. मी म्हटलं दिवा घालव, माझं डोकं दुखतंय. तू पांघरूण घालून गेलास. डोकं दुखत नव्हतं, दादा.

आता माझं सांगते. मी बावीसला सह्या करणार नाही. कधीच नाही असं म्हणत नाही. उद्या कुणी नीट अभ्यास मांडला, गुण मी नाही, तू नाही, तिसऱ्याच कुणीतरी ठेवले, ऑपरेशन झालेल्यांच्या शेजारी न झालेलेही मोजले, तर पहिलं नाव माझं घाल. काहींच्या बाबतीत दोष मानेतच असेल, मी कोण नाही म्हणणारी. पण या पुराव्यावर मी माझे तीन गुण पणाला लावणार नाही. तुला तीन म्हणजे काहीच नाही असं वाटतं, तुझी चूक नाही, तू दहाच्या जगात राहतोस. माझ्या तिनात काय काय आहे सांगू का. सकाळी अर्धा तास रेडिओ. खिडकीतून समोरच्या शिंप्याच्या मशीनचा आवाज. घास चावता येणं. मान वळवून तू दारात आलास ते बघणं. दहा मिनिटं लिहिणं. यातलं एक जरी गेलं आणि अंगात बळ आलंच नाही, तर मी काय करायचं, ते त्या सात बाणांपैकी एकावरही लिहिलेलं नाही. तुझं मन मोडतंय, मला दिसतंय. मलाही फार वाईट वाटतंय. मी थकलेय रे, आजाराने तर थकलेच, पण त्याहून जास्त बरं व्हायच्या तयारीने थकलेय.

आज पाचवा दिवस. काल इथेच थांबले असते तर पत्र निम्मं खरं झालं असतं. जे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं त्याच्याभोवती चार दिवस घिरट्या घातल्या, आणि त्या पोरीचे चार दिवस खाल्ले. प्रमाण वजनांना आम्ही कधी उघडा हात लावत नाही, हातमोजे घालतो, कारण घामाचा डाग पडला तरी वजन बदलतं. सोळा वर्षं मी तो नियम पाळला आणि तुझ्या वहीत मोडला. चौथ्या दिवशी मला चार वाटले नव्हते. तू नळाखाली हात घासत राहायचास ते मला बघवेना, म्हणून मी चार लिहिले, आणि तू शीळ घातलीस, मग मला थांबता येईना. पाच, सहा, साडेसहा, सगळे मी तुझ्या तोंडाकडे बघून वाढवले. ज्या दिवशी साडेसहा लिहिले त्या दिवशी मी उठून संडासापर्यंतही गेले नव्हते. मला वाटलं, घरातल्या घरातली गोष्ट आहे, निर्णयाच्या वेळी बघून घेऊ. तू तो तक्ता जगासमोर ठेवशील हे डोक्यात आलं नाही, आणि ठेवलास तेव्हा तुझा आनंद मला मोडवेना. लहानपणीही मी दोन वर्षं तेच केलं होतं, दादा. बाबांचं घड्याळ दिवसाला वीस मिनिटं पुढे पळायचं. रोज सकाळी तू उठायच्या आधी मी स्टुलावर चढून काटे मागे करायचे. घड्याळाने कुणाचं काही बिघडलं नाही, म्हणून मला वाटलं असंच असतं. पण खरे आकडे टाकून देणं माझ्याच्याने झालं नाही, तेवढी तपासनीस अजून शिल्लक आहे. तुझ्या कपाटात ती वही आहे ना, तिचं खाकी कव्हर सोड. आतल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने एकवीस आकडे आहेत. तीन, तीन, तीन, अडीच, तीन, दोन, असेच शेवटपर्यंत, एकही तिनाच्या वर नाही. ते जसेच्या तसे गटावर टाक, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, आणि खाली लिही की आधीचा तक्ता खोटा होता आणि तो छटाकने स्वतः खोटा केला होता. आणि त्याही आधी पोहणारीच्या आईला फोन लाव. लिहू नकोस, वाचायचं राहून जाईल. सांग की ताईला पट्ट्याने काहीही फरक पडला नाही. मग करायचं की नाही ते त्यांना ठरवू दे, पण माझ्या तक्त्यावर नको. आज गुरुवार आहे, बाराला पाच दिवस उरलेत. आधी तेवढं कर. माझ्यावर रागवायला नंतर ये, मी घरीच असते.

तुझीच,
छटाक